हेक्झेनचे समघटक पाच की सात? लेकीची वही घेऊन बसलोय

मांजराकाठ (शनिवार, रात्री ८:५०)

रामराम मंडळी. शेतीच्या पानावर नेहमी असतो, इकडं पहिल्यांदाच लिहायलोय. मी बी.ए. झालेला माणूस, औशाच्या बाजूला सोयाबीन-हरभरा करतो. रसायन म्हणलं की मला युरिया आणि डीएपीच माहीत.

लेक दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती. जूनपासून लातूरला खोली करून अकरावी सायन्स करायली. आज एसटीतून उतरली ती तोंड पाडूनच. क्लासच्या चाचणीत विचारलं होतं, हेक्झेनचे म्हणजे सी६एच१४ चे सगळे समघटक (अणू तेवढेच, जोडणी वेगळी असे पदार्थ) काढा. हिनं सात काढले. सरांनी दोनावर फुली मारली, बाजूला 'फक्त ५' लिहिलं आणि गुण कापले. फुली का, ते लिहिलं नाही. शंभर-सव्वाशे लेकरांच्या वर्गात हिनंही विचारलं नाही.

हिचं म्हणणं एकच: "पप्पा, सातही चित्रांत सहा कार्बन आहेत आणि चौदा हायड्रोजन. मोजून घ्या." मी मोजले. आहेत.

वहीतली चित्रं लिहून देतो. कार्बनला 'क' म्हणतोय, हायड्रोजन सोडलेत.

१) सहा क सरळ ओळीत
२) पाचाची ओळ, दुसऱ्याला खाली एक क
३) पाचाची ओळ, तिसऱ्याला खाली एक क
४) चाराची ओळ, दुसऱ्यालाच वर एक, खाली एक
५) चाराची ओळ, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला एक
६) पाचाची ओळ, सहावा क शेवटच्याच्या खाली, काठीच्या मुठीसारखा
७) चाराची ओळ, दुसऱ्याला दोन क ची शेपटी

माझ्या डोळ्याला सातही वेगळी दिसायलीत. फुली ६ आणि ७ वर आहे. का ते मला कळलं तर तिला सांगीन. ती अजून जेवली नाही.

निळी_शाई (शनिवार, रात्री ९:२०)

दादा, आधी तिला जेवायला घाला. तिनं पाचही खरे समघटक शोधलेत, एकही सुटलेला नाही. माझ्या नांदेडच्या शिकवणीत निम्मी मुलं ५ नंबरचा विसरतात. तिची चूक एवढीच की दोन जुनीच माणसं नव्या टोप्या घालून आली आणि तिनं त्यांना पाहुणे समजून पाट मांडले.

६ नंबर म्हणजे १ नंबरच. शेवटचा कार्बन खाली लटकतोय, पण कोण कोणाला जोडलंय ते बघा. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, असं सहाव्यापर्यंत. सहा जणांची एकच रांग आहे. दोरी अंगणात सरळ पसरा नाहीतर कोपऱ्यात वाकवा, दोरी बदलत नाही. कार्बन-कार्बन एकेरी बंध फिरतो, रेणू तर सतत वळवळत असतो. कागदावरचा कोपरा काढणाऱ्याच्या हाताचा, रेणूचा नाही.

७ नंबर जरा लबाड आहे. तिनं चाराची ओळ धरली कारण ती आडवी काढली होती. आता शेपटीच्या टोकापासून चालायला लागा: शेपटीचे दोन, मग ओळीतला दुसरा, तिसरा, चौथा. झाले पाच. म्हणजे सर्वांत लांब साखळी पाचाची निघाली आणि ओळीतला पहिला क उरला, तो त्या पाचातल्या मधल्याला लटकलेला. हा तर ३ नंबर! आडव्या-उभ्याला काही अर्थ नाही. सर्वांत लांब वाट कुठून जाते तेवढंच बघायचं.

संशय आला की नाव द्यायचं. ३ नंबरचं नाव ३-मिथाइलपेंटेन: पाचाची साखळी म्हणजे पेंटेन, तिसऱ्याला एका क ची फांदी म्हणजे मिथाइल. दोन क ची फांदी म्हणजे इथाइल. ७ नंबरला ती '२-इथाइलब्युटेन' म्हणेल, पण आययूपॅकच्या (रसायनांची नावं ठरवणारी जागतिक संस्था) नियमानं साखळी लांबात लांब घ्यायची असते, त्यामुळं तेही ३-मिथाइलपेंटेनच होतं. नाव एक आलं की पदार्थ एक.

भेंडाची_गाडी (शनिवार, रात्री ९:४५)

ताईंनी बरोबर सांगितलं, पण लेकराला हातात दिल्याशिवाय हे पटत नाही. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत रेणूंची प्रतिकृती म्हणजे फक्त यादीतली नोंद. मी हरभरे आणि बाभळीचे काटे वापरायचो.

रात्री मूठभर हरभरे भिजत घाला. सकाळी निथळून घ्या. हरभरा म्हणजे कार्बन, काटा म्हणजे बंध. जुना वाळलेला काटा घ्या, हिरवा वाकतो. एका हरभऱ्याला चारपेक्षा जास्त काटे टोचायचे नाहीत, कारण कार्बनची संयुजा चार. हायड्रोजन गाळले तरी चालतं, रिकामे हात त्यांचेच आहेत असं समजायचं.

आता सहा हरभऱ्यांची सरळ माळ करायला सांगा. मग तीच माळ टोकाला पकडून फिरवा, वाकवा, पालथी घाला, तिचा ६ नंबर होईल. एकही काटा उपसावा लागणार नाही. मग त्याच माळेचा २ नंबर करायला सांगा. काटा उपसून दुसऱ्या हरभऱ्यात टोचावाच लागेल. काटा न उपसता जमलं तर पदार्थ तोच, काटा उपसावा लागला तर पदार्थ दुसरा. एवढंच सांगा आणि उठून जा. जवळ बसून राहू नका, लेकरं बापासमोर विचार करत नाहीत.

प्रतिकृती झाल्यावर उन्हात ठेवा. हरभरा वाळला की काटा घट्ट धरतो.

मांजराकाठ (शनिवार, रात्री १०:०५)

गुरुजी, हरभरे भिजत घातले. काट्याला तोटा नाही, कुंपणच बाभळीचं आहे. जेवली.

उसळप्रेमी (शनिवार, रात्री १०:१०)

हेक्झेनचे सहा हरभरे, बाकीच्यांना मोहरीची फोडणी. समघटक किती ते उद्या सांगा, मीठ किती ते मी सांगतो.

मांजराकाठ (रविवार, सकाळी ११:३०)

झालं एकदाचं. गुरुजींनी सांगितल्यासारखं मी गोठ्याकडं गेलो. वैरण टाकून परत आलो तर ओसरीवर पाच प्रतिकृती मांडलेल्या आणि लेक ७ नंबर हातात घेऊन बसलेली. तिनं तो अंगठा आणि बोटात धरून असा गर्रकन फिरवला आणि ३ नंबरच्या शेजारी ठेवला. जसाच्या तसा. म्हणाली, "पप्पा, हा तर आडवा झोपलेला तीनच आहे की."

आता घरात दुसरा प्रश्न आलाय. तिची आई विचारायली, सहा हरभरे तेच, जोडणी वेगळी, तर त्यानं व्यवहारात काय फरक पडतो? मला सांगता आलं नाही.

फ्रिजवाले_मामा (रविवार, दुपारी १२:१५)

वहिनींना म्हणावं फ्रिज भिंतीपासून ओढा आणि मागची पट्टी वाचा. नवा फ्रिज असला तर बहुतेक 'आर-६००ए' लिहिलेलं असंल. ते आयसोब्युटेन. चार कार्बन, दहा हायड्रोजन. सरळ ब्युटेनला बी चार कार्बन, दहा हायड्रोजन. पण सरळ ब्युटेन उकळतो उणे ०.५ अंशाला आणि आयसो उकळतो उणे ११.७ ला. अकरा अंशाचा फरक, सगळा जोडणीचा. फ्रिजात गॅस उकळतो तवाच थंडी तयार होते. आयसोवर चालतानाच आमचा सक्शनचा (गॅस ओढायच्या बाजूचा) दाबाचा काटा शून्याच्या खाली जातो. त्या जागी सरळ ब्युटेन घातला तर काटा अजून खाली जाईल, कंप्रेसरला तेवढीच थंडी करायला लई जास्त ओढावं लागंल.

एक माझीच गोष्ट सांगतो. नवीन होतो तवा. आधी आर-१३४ए चे फ्रिज करायचो, तो गॅस असा पेट घेत नाही. एकदा पट्टी न वाचता नळी कापायला सरळ टॉर्च लावली. आत आयसोब्युटेन. भक्कन जाळ आला, डाव्या भुवईचे केस गेले. बरं, आत गॅस होता फक्त पन्नास-साठ ग्रॅम आणि दार उघडं होतं. आता आधी पट्टी, मग पाना.

आणि कुणी घरगुती सिलिंडरचा गॅस फ्रिजात भरून देतो म्हणाला तर घरात घेऊ नका. त्यात प्रोपेन मिसळलेला असतो, त्याचा दाब येगळा, वासाचं औषध येगळं.

मांजराकाठ (रविवार, दुपारी १२:४०)

पट्टी बघितली. आर-६००ए च आहे. ही बाई सात वर्षं आमच्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि आम्हाला पत्ता नाही.

पण मामा, उकळायला कमी उष्णता का लागते?

भेंडाची_गाडी (रविवार, दुपारी १:२०)

शेतकऱ्याला हे मी सांगायचं म्हणजे अवघडच. कडब्याच्या पेंढ्या रचता तेव्हा कशा बसतात? अंगाला अंग लावून. ताट सरळ, त्यामुळं दोन ताटांचा स्पर्श या टोकापासून त्या टोकापर्यंत. आता पऱ्हाट्यांचा भारा बघा. फांद्यांमुळं एक पऱ्हाटी दुसरीला दोन-चार ठिकाणीच टेकते, मधे सगळी पोकळी.

रेणूंमध्ये एक हलकी ओढ असते, ती स्पर्शाच्या जागेवर ठरते. सरळ रेणू एकमेकांना लांबवर चिकटतात, सोडवायला जास्त उष्णता लागते. फांदीवाला गोळा होऊन बसतो, त्याचा पृष्ठभाग कमी, ओढ कमी. पेंटेनचे तीन भाऊ घ्या. सरळ पेंटेन ३६ अंशाला उकळतो, एक फांदीचा आयसोपेंटेन २८ ला, आणि मधल्या कार्बनला चौघं लटकलेला निओपेंटेन साडेनऊला.

लातूरच्या मे महिन्यात तिघंही वाफ होतील. डिसेंबरातल्या सकाळी पहिले दोन बाटलीत राहतील, निओ पळालेला असेल.

थंडीचं_गाव (रविवार, दुपारी २:०५)

आमच्या परभणीत पारा एक आकडी झाला की निओ पण बाटलीत राहील, उगाच पळपुटा म्हणू नका.

पण गुरुजी, एक शंका. कडबा-पऱ्हाटीचं गणित वितळण्याला लावून बघितलं आणि आपटलो. सरळ पेंटेन गोठतो उणे १३० च्या आसपास. तुमच्या हिशोबानं निओ त्याच्याही खाली गोठायला पाहिजे. तो तर उणे १७ लाच गोठतो! पऱ्हाटी कडब्याआधी कशी काय रचून होते?

भेंडाची_गाडी (रविवार, दुपारी ३:१०)

पकडलंत. माझी उपमा उकळण्यापुरतीच, तिला पुढं ओढू नका. उकळताना रेणू एकमेकांपासून सोडवायचे असतात. गोठताना त्यांना ठरावीक रचनेत बसवायचं असतं, आणि तिथं आकार किती सारखा आहे याला किंमत. निओपेंटेन चारी बाजूंनी सारखा, जवळजवळ गोल. तो पऱ्हाटी नाही, गोटी आहे. गोटी कशीही फिरवून ठेवली तरी खळग्यात बसते. एका फांदीचा आयसोपेंटेन मात्र धड ताट नाही, धड गोटी नाही. त्याला बसवणं सगळ्यांत अवघड, म्हणून तो उणे १६० पर्यंत गोठायचं नाव घेत नाही.

आठ कार्बनांत याचा कळस आहे. २,२,३,३-टेट्रामिथाइलब्युटेन, भरगच्च गोल रेणू. सरळ ऑक्टेन पाण्यासारखा द्रव, आणि हा त्याचाच समघटक खोलीच्या तापमानाला घन. वितळतो सुमारे १०० अंशाला आणि त्यानंतर थोडक्यातच, १०६ ला, उकळूनही जातो.

दुचाकीवाला (रविवार, दुपारी ३:३०)

पंपावर ९१, ९५ असा ऑक्टेनचा आकडा असतो, तो हाच का?

निळी_शाई (रविवार, दुपारी ४:००)

त्याच घराण्यातला. मापपट्टीची दोन टोकं ठरवून घेतलीत: सरळ हेप्टेनला शून्य आणि २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेनला १००. या दुसऱ्यालाच आयसोऑक्टेन म्हणतात. सी८एच१८ चे १८ समघटक आहेत, त्यातला हा एक. सरळ साखळी इंजिनात दाबली गेली की ठिणगीची वाट न बघता आपली आपणच पेटते आणि इंजिन नॉक मारतं. फांदीवाला रेणू ठिणगीपर्यंत दम धरतो. सरळ ऑक्टेनचा स्वतःचा आकडा तर शून्याच्याही खाली, नाव ऑक्टेन असून! म्हणून रिफायनरीत सरळ पेंटेन-हेक्झेन प्लॅटिनम असलेल्या उत्प्रेरकावरून नेऊन त्यांना फांद्या फोडतात. म्हणजे गुरुजींचा काटा उपसून दुसरीकडं टोचायचा उद्योग, फक्त टनावारी.

आकडेमोड (रविवार, सायंकाळी ५:१५)

एक गंमत दिसली. प्रोपेन १, ब्युटेन २, पेंटेन ३, हेक्झेन ५. हे फिबोनाचीचे आकडे आहेत! मागचे दोन मिळवा, पुढचा येतो. म्हणजे सात कार्बनांच्या हेप्टेनचे ८ असणार.

मांजराकाठ (रविवार, सायंकाळी ७:४०)

आकडेमोड भाऊ, तुमचा हिशोब बरोबर निघाला! तुमचं वाचून लेकीनं हेप्टेन घेतला आणि बरोबर आठच आले. हरभरे संपले, दुसरी मूठ अर्धी कच्चीच वापरली. यादी तिनंच नावानिशी लिहून दिली: हेप्टेन, २-मिथाइलहेक्झेन, ३-मिथाइलहेक्झेन, मग डायमिथाइलपेंटेन चार (२,२ / ३,३ / २,३ / २,४), आणि २,२,३-ट्रायमिथाइलब्युटेन. एकही जुना नवी टोपी घालून आलेला नाही, ताई, तिनं नावं ताडून बघितलीत.

निळी_शाई (रविवार, रात्री ८:१०)

आठही खरे. पण हेप्टेनचे समघटक ९ आहेत. आकडेमोड, तुमच्या फिबोनाचीनं पोरीला आठवर थांबवलं. ती आणखी शोधत राहिली असती.

तिला विचारा, इथाइलची शेपटी लावून बघितली होती का?

मांजराकाठ (रविवार, रात्री ८:२५)

विचारलं. लावली होती म्हणे, पाचाच्या ओळीत मधल्याला. मग स्वतःच खोडली. "काल इथाइलनंच फसवलं ना, इथाइल खोटाच असतो."

निळी_शाई (रविवार, रात्री ८:४५)

वाटलंच. शिकवणाऱ्यानं फुली मारली आणि कारण लिहिलं नाही की मुलं फुलीचाच नियम करून टाकतात.

काल इथाइल खोटा ठरला कारण तो दुसऱ्या कार्बनला लटकला होता. तिथं ओळीचं एक टोक एकाच कार्बनाचं आणि शेपटी दोनाची. शेपटी टोकापेक्षा लांब, म्हणून तीच मुख्य साखळी होऊन बसली. आज पाचाच्या ओळीत ती मधल्याला आहे. मधल्यापासून डावीकडं दोन, उजवीकडं दोन, खाली दोन. कोणत्याही दोन हातांनी मोजा, पाचच भरतात. सहा कुठूनच होत नाहीत. म्हणून ३-इथाइलपेंटेन खरा, आणि तोच नववा. इथाइलला निदान तिसरी जागा लागते, आणि ती दोन्ही टोकांकडून मोजून तिसरी पाहिजे.

आता आकड्यांचं. पुढं आठ, नऊ, दहा कार्बनांना १८, ३५, ७५ असे जातात. कार्बन किती ते घातलं की उत्तर आलं असं सोपं सूत्र नाही, लहान साखळ्यांवरून मोठ्यांचा हिशोब पायरीपायरीनं करावा लागतो. तशी पद्धत हेन्झ आणि ब्लेअर या रसायनशास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये दिली, गणिती पोल्यानं १९३७ मध्ये मोजणीचा व्यापक सिद्धांतच मांडला. वीस कार्बनांना ३,६६,३१९ समघटक होतात. तीस कार्बनांना ४,११,१८,४६,७६३, म्हणजे चारशे अकरा कोटींच्या वर. यातले बहुतेक कुणी कधी बाटलीत पाहिलेलेही नाहीत, फक्त कागदावर आहेत.

आणि हे लेकीला मुद्दाम वाचून दाखवा. या मोजणीला पहिल्यांदा गणिती पद्धतीनं हात घातला केंब्रिजच्या आर्थर केलीनं. रेणूंना त्यानं झाडं मानलं, खोड आणि फांद्या. १८७५ मध्ये त्यानं तेरा कार्बनांपर्यंतचे आकडे दिले. अकरापर्यंत सगळे बरोबर. बारा कार्बनांना त्यानं लिहिले ३५७. खरे आहेत ३५५. दोन जास्त. तुमच्या लेकीचे पण दोनच जास्त होते.

आकडेमोड (रविवार, रात्री ९:००)

माफी असावी, ताई. तिच्या नवव्याचं पाप माझ्या माथी. केलीनं तेराचे किती लिहिले?

निळी_शाई (रविवार, रात्री ९:०५)

७९९. खरे ८०२. तिथं तीन कमी पडले.

गुरुजी, तुमच्या हरभऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. काटे पाटावर सपाट टोचले तरी जोडणी मोजायला पुरेसं आहे. पण हेप्टेनपासून पुढं चारही काटे खरोखर चार दिशांना, चौफलकाच्या कोपऱ्यांकडं टोचून बघावेत. ३-मिथाइलहेक्झेन आणि २,३-डायमिथाइलपेंटेन यांची डावी-उजवी अशी दोन-दोन रूपं निघतात, आरशातल्यासारखी. ती धरली तर ९ चे ११ होतात. चाचणीत 'संरचना समघटक' विचारले तर ९ च लिहायचे.

भेंडाची_गाडी (रविवार, रात्री ९:३०)

मान्य. माझ्या आठवीच्या पोरांपुढं आरसा कधी काढावा लागला नाही.

थंडीचं_गाव (रविवार, रात्री ९:४०)

विषय निघालाच आहे तर, लातूरला सगळे आयसोमर म्हणतात, पुस्तकात समघटक. पोरांना दोन्ही पाठ करावं लागतं. एक काहीतरी ठेवा.

भेंडाची_गाडी (रविवार, रात्री ९:५५)

शब्द एकच आहे हो. १८३० मध्ये स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यानं ग्रीकमधून उचलला: आयसो म्हणजे समान, मेरोस म्हणजे भाग. सम आणि घटक. दहावीला समघटक नीट समजला असेल तर अकरावीला नवं काही पाठ करायचं नाही.

मांजराकाठ (बुधवार, सकाळी ७:१५)

उशिरा लिहायलोय, तुरीच्या काढणीत होतो.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं लेक लातूरला गेली. सर रागावतील म्हणून विचारायला घाबरत होती, पण गेल्यावर वही घेऊन सरांकडं गेली म्हणे. गुण मिळाले नाहीत. सरांनी ७ नंबरच्या फुलीशेजारी 'लांब साखळी बघ' एवढं लिहून दिलं. तिला तेवढं पुरलं.

जाताना तिनं हेप्टेनचे नऊच्या नऊ डब्यात भरून नेले, मैत्रिणींना दाखवायला. गुरुजी, तुम्ही उन्हात ठेवा म्हणाला होता. तिच्या आईला वाटलं वाळून तडकतील, म्हणून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून दिले. काल रात्री खोलीवरून फोन आला. डबा उघडला तर सगळ्या हरभऱ्यांना मोड. म्हणायली, "पप्पा, ३,३-डायमिथाइलपेंटेनच्या मधल्या कार्बनला पाचवा हात फुटलाय. आता याला काय नाव देऊ?"